आमदार विलासराव देशमुख : लातूरच्या निवडणुकांचा हिशोब

स्मरणिकेसाठी विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असे काही लिहा, असा संस्थेच्या कार्यकारिणीचा आग्रह झाला, तेव्हा आम्ही बराच विचार केला. आम्ही बँकेतले कारकून. आमचे शिक्षण बी.ए.पर्यंतचे, तेही राज्यशास्त्र घेऊन. दिवसभर आकड्यांशी संबंध येतो आणि संध्याकाळी कॅश जुळली नाही तर घरी जाता येत नाही. त्यामुळे निवडणुकीचा निकाल वाचताना आमचे लक्ष गुलालाकडे कमी आणि आकड्यांकडे जास्त जाते. आपल्या वस्तीतली मुले स्पर्धा परीक्षांची तयारी करतात, राज्यघटनेची कलमे पाठ म्हणतात, पण आमदार नेमका कसा निवडून येतो, कसा पडतो आणि त्यात आपल्या मताचा भाग किती, असे विचारले की गप्प होतात. म्हणून एकाच आमदाराची कारकीर्द घेऊन हा विषय मांडावा असे ठरविले. त्यासाठी लातूरच्या विलासराव देशमुखांइतके सोयीचे दुसरे उदाहरण आम्हाला सापडले नाही. जिंकण्याचे आणि हरण्याचे जवळजवळ सगळे प्रकार या एका माणसाच्या वाट्याला आले.

मराठवाड्याने महाराष्ट्राला आजवर चार मुख्यमंत्री दिले. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोकराव चव्हाण. पहिले आणि चौथे नांदेडचे, मधले दोघे लातूर जिल्ह्यातले. म्हणजे चारही नावे आपल्या या दोन जिल्ह्यांतलीच. विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावर २००९ साली दोन्हीकडे केवढे रण माजले होते ते वाचकांना आठवत असेलच. आमचे गाव नांदेड जिल्ह्यातले आणि नोकरी लातुरात, त्यामुळे त्या वादात आम्ही कोणाच्याच बाजूने बोललो नाही. असो.

विलासरावांचा जन्म २६ मे १९४५ रोजी लातूरजवळच्या बाभळगाव येथे झाला. पुण्यात राहून त्यांनी विज्ञान आणि कला या दोन्ही शाखांच्या पदव्या घेतल्या, नंतर कायद्याची पदवी घेतली आणि ते गावाकडे परतले. १९७४ साली ते बाभळगावच्या ग्रामपंचायतीवर निवडून गेले व सरपंच झाले. पुढे लातूर पंचायत समितीचे उपसभापतीपद आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्हा परिषदेचे सदस्यत्व त्यांना मिळाले. त्या काळी लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो ऑगस्ट १९८२ मध्ये. घरची देशमुखी, शेती आणि गावात वजन होते हे खरे. तरीही पायऱ्या त्यांनी खालपासून चढल्या. ग्रामपंचायतीचे राजकारण ज्याला समजले त्याला विधानसभेचे समजायला वेळ लागत नाही, असे आमच्या शाखेतले एक जुने हेडकॅशियर म्हणत असत.

लातूरची जागा तेव्हा शिवराज पाटील चाकूरकर यांच्याकडे होती. १९८० च्या जानेवारीत ते लोकसभेवर गेले आणि जागा मोकळी झाली. त्याच वर्षी मे महिन्यात विधानसभेची मध्यावधी निवडणूक झाली. इंदिरा काँग्रेसला राज्यात २८८ पैकी १८६ जागा मिळाल्या. त्या लाटेत विलासराव पहिल्यांदा आमदार झाले. १९८५ ला पुन्हा आले, १९९० ला तिसऱ्यांदा आले. या तीन निवडणुकांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. पक्ष सत्तेवर होता, उमेदवार तरुण होता आणि १९८२ पासून तो मंत्रीही होता. मात्र एक गोष्ट नोंदवून ठेवावी. लातुरात विलासराव जिंकत राहिले, तरी राज्यात काँग्रेसचा आकडा उतरत होता. १९८० चे १८६ हे १९८५ ला १६१ झाले आणि १९९० ला १४१. साध्या बहुमताला १४५ लागतात, म्हणजे ४ कमी. खात्यातली शिल्लक दर महिन्याला थोडी थोडी घटत असते आणि खातेदाराला ते कळत नाही. चेक परत आल्यावरच कळते. तसे हे झाले.

चेक परत येण्याआधी मराठवाड्यात काय काय घडले ते पाहिले पाहिजे, कारण आपल्या समाजाच्या दृष्टीने तो काळ साधा नव्हता. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे, असा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केला. आमदारांनी मुंबईत ठराव केला आणि इकडे गावागावांत दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांना त्याच ऑगस्टमध्ये हाल हाल करून मारण्यात आले. आमच्या घरी थोरली माणसे त्या दिवसांबद्दल आवाज खाली करूनच बोलत. ठरावाची अंमलबजावणी थांबली ती थांबलीच. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी गौतम वाघमारे यांनी नांदेडला आत्मदहन केले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असे झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. ठराव आणि अंमल यांच्यामध्ये साडेपंधरा वर्षे गेली. आमदाराने सभागृहात हात वर करणे ही एक गोष्ट आणि आपल्या मतदारसंघात परतून त्याच गोष्टीसाठी लोकांपुढे उभे राहणे ही दुसरी. पहिली १९७८ साली झाली. दुसरी फार थोड्यांनी केली, हे आमचे स्पष्ट मत आहे.

नामविस्तार झाला तेव्हा विलासराव शरद पवारांच्या मंत्रिमंडळात होते. मधल्या काळात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादची खेडीच्या खेडी ढिगाऱ्याखाली गेली. डिसेंबर १९९२ च्या बाबरी प्रकरणानंतर मुस्लिम मतदार काँग्रेसवर नाराज होता. नामविस्तारावरून सवर्ण मतदार चिडला होता, आणि इतकी वर्षे लावली म्हणून आपला समाजही फारसा खूष नव्हता. अशा अवस्थेत १९९५ च्या फेब्रुवारीत मतदान झाले.

आम्ही तेव्हा लातुरात एका भाड्याच्या खोलीत राहून बारावी करीत होतो. चार मुले, एक स्टोव्ह आणि मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. मतमोजणीचे दिवस नेमके त्याच सुमारास आले. विलासराव पडतील असे खोलीतल्या कोणालाच वाटत नव्हते; मंत्री कधी पडतो का, असाच आमचा समज. निकाल लागला तेव्हा जनता दलाचे शिवाजीराव पाटील कव्हेकर सुमारे ३५ हजार मतांनी निवडून आले होते. राज्यात काँग्रेस ८० वर आली, शिवसेना ७३ आणि भाजप ६५ घेऊन युतीचे सरकार बनले. ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की, लातुरात विलासरावांना पाडणारा उमेदवार युतीचा नव्हता. नामांतराला विरोध करणाऱ्यांच्या लाटेत ते वाहून गेले, असे सोपे उत्तर पुष्कळ जण देतात. पण जनता दल तर नामांतराच्या बाजूचा पक्ष. तेव्हा एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही. जे जे नाराज होते त्या सगळ्यांना एकाच उमेदवारात आपापली सोय दिसली, एवढेच आकड्यांवरून म्हणता येते.

आता आम्ही या लेखातल्या सर्वात मजेदार निवडणुकीकडे येतो. विधानसभेत पडलेल्या पुढाऱ्याला परत येण्याचे दुसरे दार म्हणजे विधान परिषद. १९९६ साली विधानसभेच्या सदस्यांनी निवडून द्यायच्या जागांसाठी विलासराव उभे राहिले. पक्षाने उमेदवारी दिली नाही म्हणून बंडखोरी केली, अपक्ष म्हणून अर्ज भरला आणि शिवसेनेने त्यांना पाठिंबा दिला. ते हरले. किती मतांनी? तर अर्ध्या मताने! लातूरला आजही ही गोष्ट चहाच्या टपरीवर सांगतात आणि ऐकणारा हसतो. अर्धे मत कसे असेल, माणूस अर्धा हात वर करतो काय, असे विचारतो. विद्यार्थ्यांनी हे नीट समजून घ्यावे, कारण परीक्षेत हे येते आणि बहुतेक जण सोडून देतात.

विधान परिषदेच्या या निवडणुकीत आमदार एका नावापुढे शिक्का मारीत नाही. तो पसंतीक्रम लिहितो : १, २, ३ असे. निवडून येण्यासाठी ठराविक कोटा पूर्ण करावा लागतो. प्रत्येक मतपत्रिकेची किंमत १०० धरतात. समजा, २८८ आमदारांनी मतदान केले आणि जागा ९ आहेत. तर २८८ गुणिले १०० म्हणजे २८,८००. याला जागांच्या संख्येत १ मिळवून, म्हणजे १० ने भागायचे आणि येईल त्यात १ मिळवायचा. कोटा झाला २,८८१. ज्याला पहिल्या पसंतीची २९ मते पडली तो २,९०० घेऊन लगेच निवडून आला. २८ वाल्याचे २,८०० झाले. त्याला अजून ८१ हवेत.

हे ८१ कोठून यायचे? ज्याला गरजेपेक्षा जास्त पडली त्याच्या शिलकेतून. समजा, एका उमेदवाराला पहिल्या पसंतीची ३५ मते पडली, म्हणजे ३,५००. त्याची जास्तीची रक्कम ६१९. ही रक्कम त्याच्या ३५ मतपत्रिकांवर वाटायची. भागाकार १७ पूर्णांक आणि वर काही अपूर्णांक येतो. अपूर्णांक सोडून देतात. म्हणजे त्या प्रत्येक पत्रिकेवरची दुसरी पसंती आता १०० ची नाही, फक्त १७ ची. आपल्या २८ वाल्याला अशा ४ पत्रिका मिळाल्या तर ६८ वाढून २,८६८ झाले. तो कोट्याच्या खालीच राहिला. ५ मिळाल्या असत्या तर ८५ वाढून तो २,८८५ वर गेला असता आणि निवडून आला असता. शेवटच्या जागेसाठी दोन उमेदवारांत राहिलेला फरक १०० पेक्षा कमी असला की तो एका मताहूनही कमी झाला. पन्नासच्या आसपास असला की लोक म्हणतात अर्धे मत. हा हिशोब आम्ही आमच्या शाखेत एकदा कागदावर मांडून दाखविला, तेव्हा मॅनेजरसाहेबांनीसुद्धा कॅलक्युलेटर काढला होता.

हे मतदान गुप्त असते, त्यामुळे कोणाची दुसरी पसंती कोठे गेली हे पक्षाला शोधून काढावे लागते. आपल्या चळवळीतले चंद्रकांत हंडोरे हे २० जून २०२२ च्या विधान परिषद निवडणुकीत काँग्रेसचे पहिल्या पसंतीचे उमेदवार होते. पक्षाची मते फुटली, पहिल्या पसंतीचा उमेदवार पडला आणि पक्षाचाच दुसरा उमेदवार निवडून आला. पुढे २०२४ साली हंडोरे राज्यसभेवर गेले. पण त्या जूनच्या रात्री पसंतीक्रम या शब्दाचा अर्थ आपल्या पुष्कळ कार्यकर्त्यांना पहिल्यांदा समजला.

१९९५ ला ३५ हजारांनी आणि १९९६ ला अर्ध्या मताने हरलेला माणूस संपला, असे पुष्कळांना वाटले असेल. नंतर १९९९ ची निवडणूक आली. सप्टेंबर महिन्यात लोकसभा आणि विधानसभा एकत्रच होत्या. आमचे ते पहिलेच विधानसभेचे मतदान. गावी जाऊन दोन मतपत्रिका हातात घेतल्या, पांढरी लोकसभेची, गुलाबी विधानसभेची. त्याच वर्षी जूनमध्ये शरद पवारांनी राष्ट्रवादी काँग्रेस काढली होती. मते फुटणार, काँग्रेस आणखी खाली जाणार, अशीच सर्वत्र चर्चा. लातुरात मात्र विलासराव सुमारे ९१ हजारांच्या मताधिक्याने निवडून आले. त्या निवडणुकीतले राज्यातले ते सर्वाधिक मताधिक्य होते.

उणे ३५ आणि अधिक ९१. वहीत दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले तर अंतर १ लाख २६ हजारांचे होते. याचा अर्थ सव्वा लाख लोकांनी मन बदलले असा मात्र नाही. एका मतदाराने पक्ष बदलला की एकाकडचे १ कमी होते आणि दुसऱ्याकडे १ वाढते. मताधिक्यात फरक २ चा पडतो. म्हणजे ढोबळ मानाने ६३ हजार मतदार हलले तरी एवढा फरक पडतो. शिवाय मधल्या साडेचार वर्षांत नवे मतदार आले, विरोधातली मते अनेक उमेदवारांत वाटली गेली, आमच्यासारखे पहिल्यांदा मत देणारे वाढले. हे सर्व जमेस धरले तर हलणारे मतदार आणखी कमी निघतील. मोठे मताधिक्य पाहून दडपून जाऊ नये, ते अर्ध्याने भागून पाहावे, असे आम्ही विद्यार्थ्यांना सुचवू.

१८ ऑक्टोबर १९९९ रोजी विलासराव मुख्यमंत्री झाले. काँग्रेसचे ७५ आणि राष्ट्रवादीचे ५८ मिळून १३३ होत होते. १४५ ला १२ कमी. छोटे पक्ष आणि अपक्ष यांच्या आधाराने गाडा चालला. जून २००२ मध्ये काही आमदार फुटले, सरकार पडते की काय अशी वेळ आली आणि आमदारांना सांभाळण्यासाठी परराज्यातल्या हॉटेलांत नेऊन ठेवण्यापर्यंत मजल गेली. १३ जून रोजी विश्वासदर्शक ठरावावर १४३ विरुद्ध १३३ असे मतदान होऊन सरकार वाचले. फरक १० चा. अर्ध्या मताने हरलेल्या माणसाला १० मते म्हणजे चैनच वाटली असेल! तरी पुढे पक्षश्रेष्ठींनी सांगितले तेव्हा जानेवारी २००३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री झाले. जनतेने पाडले तर पाच वर्षांनी जनतेकडे परत जाता येते. दिल्लीने उतरविले तर दिल्लीकडेच पाहावे लागते.

२००४ हे वर्ष आपल्या भागात फार चमत्कारिक गेले. मे महिन्यात शिवराज पाटील चाकूरकर लातूर लोकसभेत भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकर यांच्याकडून पडले आणि पडूनही देशाचे गृहमंत्री झाले. ऑक्टोबरमध्ये निलंग्याला माजी मुख्यमंत्री शिवाजीराव निलंगेकर यांना त्यांच्या नातवाने, संभाजीरावांनी हरविले. लातुरात मात्र विलासराव पाचव्यांदा आमदार झाले. राष्ट्रवादीला ७१ आणि काँग्रेसला ६९ जागा असूनही मुख्यमंत्रीपद काँग्रेसकडे राहिले आणि १ नोव्हेंबर २००४ ला विलासरावांनी दुसऱ्यांदा शपथ घेतली.

या दुसऱ्या कारकिर्दीबद्दल आमच्या समाजाच्या स्मरणिकेत लिहिताना खैरलांजीचे नाव टाळता येणार नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. आई, मुलगी आणि दोन मुलगे. बातमी बाहेर यायला, सरकार जागे व्हायला आठवडे गेले. लोक रस्त्यावर आले तेव्हा कुठे यंत्रणा हलली. मुख्यमंत्री मराठवाड्याचे होते, १९७८ साली त्यांच्या आसपासच्या गावांत काय झाले हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांच्याकडून अधिक तत्परतेची अपेक्षा होती आणि ती पूर्ण झाली नाही. दुसरी गोष्ट सावकारीची. विदर्भातील एका सावकारी प्रकरणात पोलिसांनी गुन्हा नोंदवू नये म्हणून मुख्यमंत्री कार्यालयाने हस्तक्षेप केला, असा ठपका ठेवून सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये राज्य सरकारला १० लाख रुपये दंड केला. बँकेच्या काउंटरवर बसून शेतकऱ्याचे कर्जप्रकरण रोज पाहणाऱ्या माणसाला हा निकाल वाचून काय वाटले असेल ते सांगायला नको. दुसऱ्या बाजूला मांजरा साखर कारखान्याने लातूर भागातल्या ऊसकऱ्याला उभे केले, हेही त्याच काउंटरवरून आम्ही पाहिले आहे. दोन्ही नोंदी एकाच लेजरमधल्या. मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. पुढे ते राज्यसभेवर गेले, केंद्रात मंत्री झाले आणि १४ ऑगस्ट २०१२ रोजी चेन्नईच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार बाभळगावलाच झाले.

आता विद्यार्थी विचारतील की या सगळ्यात आपण कोठे आहोत? लातूर ही खुली जागा. तेथे आपला उमेदवार निवडून येणे अवघड, पण कोणाला निवडून आणायचे यात आपल्या मताला वजन. राखीव जागेचे गणित वेगळे. आमच्या पाहण्यात पदवीधर मुलेही असे समजतात की राखीव मतदारसंघात फक्त अनुसूचित जातीचे लोक मत देतात. तसे नाही. उमेदवार अनुसूचित जातीचा, मतदार मात्र सगळे. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्यात अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले होते, प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा. २४ सप्टेंबरच्या पुणे करारात जागा १४८ झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि संयुक्त मतदारसंघ आले. बाबासाहेबांना त्या कराराची टोचणी का लागून राहिली, हे १९५२ च्या निवडणुकीत दिसले. मुंबईत राखीव जागेवर ते उभे होते आणि नारायणराव काजरोळकर यांच्याकडून पडले.

आजची राखीव जागाही तशीच चालते. महाराष्ट्रात पूर्वी विधानसभेच्या १८ जागा अनुसूचित जातींसाठी होत्या, २००९ पासून २९ आहेत. लातूर जिल्ह्यात पूर्वी हेर होती, आता उदगीर आहे. नांदेड जिल्ह्यात देगलूर. देगलूरचे आमदार रावसाहेब अंतापूरकर २०२१ साली कोरोनाने गेले. ३० ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत त्यांचे चिरंजीव जितेश ४१ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले, ते काँग्रेसतर्फे. २०२४ ला ते भाजपतर्फे उभे राहिले आणि पुन्हा निवडून आले. जागा राखीव असली तरी ती कोणाकडे जाणार हे सगळ्या जातींच्या मतांवर आणि पक्षाच्या तिकिटावर ठरते. उलट खुल्या जागेवरही एकजूट असली तर काय होते हे १९९८ च्या लोकसभेने दाखविले. रिपब्लिकन गट एकत्र आले, काँग्रेसशी समझोता झाला आणि प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले व जोगेंद्र कवाडे हे चौघे खुल्या जागांवरून लोकसभेत गेले. पुढच्याच वर्षी पुन्हा फाटाफूट झाली, हे लिहिताना हात जड होतो.

२००९ ला मतदारसंघांची फेररचना होऊन लातूरचे शहर आणि ग्रामीण असे दोन भाग झाले. शहरातून विलासरावांचे चिरंजीव अमित देशमुख पहिल्याच वेळी सुमारे ८९ हजारांनी आले. २०१९ ला ग्रामीणमधून धाकटे धीरज देशमुख सव्वा लाखाहून जास्त मते घेऊन निवडून आले आणि दुसऱ्या क्रमांकावर कोणीही उमेदवार नव्हता, नोटा होता! २७ हजारांहून अधिक लोकांनी यापैकी कोणीही नको हे बटण दाबले. युतीच्या उमेदवाराला त्याहून कमी मते पडली. अर्थात नोटा पहिल्या क्रमांकावर आला तरी जास्त मतांचा उमेदवारच निवडून आल्याचे जाहीर होते, त्यामुळे या बटणाने निकाल बदलत नाही. नाराजीची फक्त नोंद होते. आणि २०२४ ला काय झाले? अमितराव साडेसात हजारांच्या आत येऊन कसेबसे टिकले, धीरजराव भाजपच्या रमेश कराडांकडून सुमारे साडेसहा हजारांनी पडले. नाव तेच, वडिलांचे पुण्य तेच, मतदार पुष्कळसा तोच.

साडेसहा हजार अर्ध्याने भागले तर सव्वातीन हजार. म्हणजे मोठ्या दहा-बारा वस्त्यांचे मतदार.

एका निवडणुकीत मतमोजणीच्या टेबलावर सूक्ष्म निरीक्षक म्हणून आमची नेमणूक झाली होती. पूर्वी मतपत्रिकांच्या काळात अनेक बूथच्या पत्रिका मिसळून मोजता येत असत, त्यामुळे कोणत्या वस्तीने कोणाला मत दिले ते कळत नसे. यंत्रात तसे नाही. प्रत्येक बूथचे यंत्र वेगळे उघडते आणि आकडा सर्वांदेखत दिसतो. उमेदवारांचे प्रतिनिधी जाळीपलीकडे कागद-पेन घेऊन बसलेले असतात. बूथ क्रमांक पुकारला की कोणती गल्ली, कोणता वाडा हे त्यांना पाठ असते. अनेक बूथची यंत्रे जोडून एकत्र आकडा काढण्याची सोय करावी, असे निवडणूक आयोगाने सुचविले होते, पण ते झाले नाही. ज्या वस्तीचे पाणी, रस्ता आणि मजुरी दुसऱ्याच्या हातात आहे, तिच्या दृष्टीने ही बारीक बाब नाही. आमच्या टेबलावर एका छोट्या वस्तीचे यंत्र उघडले तेव्हा पलीकडचा एक प्रतिनिधी आकडा लिहिता लिहिता थांबला आणि शेजाऱ्याच्या कानाला लागला. काय म्हणाला ते आम्हाला ऐकू आले नाही.

बूथनिहाय निकाल पुढे नमुना २० या तक्त्यात प्रसिद्ध होतो आणि तो कोणालाही पाहता येतो. विद्यार्थ्यांनी तो काढून आपल्या बूथची ओळ शोधावी. मतदान किती, कोणाला किती आणि नोटाला किती, हे रकाने पुरेत. ज्यांना तक्ता वाचायला अडचण वाटेल त्यांनी रविवारी सकाळी विहारात यावे. आम्ही मागच्या तीन निवडणुकांचे तक्ते वहीत उतरवून ठेवले आहेत.